राईडवर कंपनीचं नाव, पण कर्मचाऱ्याच्या पदरात काय? (थीम पार्कचे प्रायोजक, लाउंज, पास)

निळीछत्री
ऑर्लँडोच्या सहलीच्या धाग्यांवर दर उन्हाळ्यात एक प्रश्न हमखास येतो. "यांची कंपनी एपकॉटमधल्या (डिस्नेचं तिथलं एक थीम पार्क) अमुक राईडची प्रायोजक आहे म्हणे, मग आम्हाला रांगेशिवाय सोडतील का?" उत्तरं चार धाग्यांत विखुरली आहेत आणि त्यातली निम्मी शिळी झाली आहेत. म्हणून हा वेगळा धागा. प्रायोजक कंपनीच्या कर्मचाऱ्याला नक्की काय मिळतं, ते कुणाकडे मागायचं, कधी मिळत नाही, आणि मुळात कंपन्या राईडवर पैसे का घालतात, हे जाणकारांनी लिहावं. भारतातलं काही असेल तर तेही चालेल.

कुंपणावरचा
रुमाल टाकून ठेवतो.

फिरस्ता
आधी एक घोळ मिटवू, कारण तीन वेगळ्या गोष्टी लोक एकाच पिशवीत घालतात.

पहिली म्हणजे खरं प्रायोजकत्व. कंपनी पार्कला ठरावीक वर्षं पैसे देते आणि बदल्यात राईडच्या दारावर नाव, आत आपल्या मालाचं दर्शन आणि पाहुण्यांसाठी खोली, म्हणजे लाउंज, घेते. दुसरी म्हणजे परवाना. अबू धाबीचं फेरारी वर्ल्ड (२०१०) हे त्याचं ढळढळीत उदाहरण. तिथे पैसा उलट्या दिशेने वाहतो, पार्कवाला ब्रँडला नावाचे पैसे देतो. तिसरी म्हणजे एचआरच्या पोर्टलवरची सवलतीची तिकिटं, तिकिट्सअ‍ॅटवर्क वगैरे. त्यांचा प्रायोजकत्वाशी काडीचा संबंध नाही. तुमची कंपनी स्क्रू बनवत असली तरी ती तिकिटं मिळू शकतात.

लाउंज फक्त पहिल्या प्रकारात असतं. त्यामुळे "आमच्या पोर्टलवर डिस्नेची तिकिटं दिसतात, म्हणजे लाउंज पण असेल" हा हिशेब चुकीचा.

निळीछत्री
धन्यवाद फिरस्ता. लाउंजमध्ये असतं तरी काय? चित्रफितींत नुसते सोफे दिसतात.

फिरस्ता
बरंचसं तेवढंच असतं. एसी, सोफे, थंड पेयं, कॉफी, स्वच्छ स्वच्छतागृह, फोन चार्ज करायला जागा आणि दाराशी बसलेली एक स्वागतिका. ऑगस्टमधल्या ऑर्लँडोत दुपारी दोन वाजता याची किंमत काय ते ज्याचं त्याला कळतं. दुसरा भाग म्हणजे लाउंजमधून राईडकडे जाणारी आतली वाट. तिथला माणूस खाली गाडीत बसवणाऱ्यांना कळवतो आणि तुम्हाला मुख्य रांगेच्या शेवटच्या टप्प्यावर सोडतात.

दार शोधताना लोक चुकतात. मुख्य प्रवेशाजवळ पाटी नसते. इमारतीच्या कडेला एक साधं दार आणि शेजारी घंटी किंवा इंटरकॉम, एवढंच. हे मुद्दाम केलेलं असतं, नाहीतर रांगेतले लोक तिथेच भांडायला उभे राहतील.

लागणाऱ्या गोष्टी सगळीकडे साधारण सारख्याच असतात. कंपनीचा चालू फोटो बॅज, सोबत सरकारी ओळखपत्र आणि पार्कचं स्वतःचं तिकीट. हे शेवटचं ठळक लिहून ठेवा. लाउंज पार्कच्या आत आहे, त्यामुळे लाउंजचा हक्क म्हणजे पार्कचा प्रवेश नव्हे. बरोबर किती माणसं चालतील याला मर्यादा असते आणि ती करारागणिक बदलते. वेळही पार्कच्या वेळेपेक्षा कमी असते. संध्याकाळी आतषबाजीच्या आधी टेकायला जाऊ म्हणून गेलात तर दार बंद मिळण्याचीच शक्यता जास्त.

पाटीपेन्सिल
सीमेन्सचं लाउंज एपकॉटमधल्या स्पेसशिप अर्थ राईडच्या गोलामागे आहे ना? बेस ट्वेंटीवन नावाचं. आमच्या ओळखीतल्या सीमेन्सच्या कळव्याच्या मंडळींनी त्याबद्दल ऐकलेलं आहे.

फिरस्ता
होतं. शिळ्या माहितीचा हा उत्तम नमुना. स्पेसशिप अर्थला आधी बेल सिस्टिम ही दूरध्वनी कंपनी होती (१९८२), मग १९८४ पासून एटी अँड टी, आणि २००५ ते २०१७ सीमेन्स. सीमेन्सचा करार संपला तसं राईडवरचं नाव उतरलं आणि कर्मचाऱ्यांचं लाउंजही गेलं. आता त्याच जागेत जिओ-८२ नावाचा बार आहे, जून २०२५ मध्ये उघडला. २१ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. तिथे सीमेन्सचा बॅज दाखवलात तर वेटर नम्रपणे पेयांचं कार्ड पुढे करेल.

कोडॅकचंही तसंच. एपकॉटमधल्याच इमॅजिनेशन पॅव्हेलियनच्या (एका विषयाला वाहिलेली इमारत) वरच्या मजल्यावरची जागा २०१६ पासून डिस्ने व्हेकेशन क्लबच्या सदस्यांसाठी आहे. लाउंज सहसा पाडत नाहीत, भाडेकरू बदलतात.

गिअरबॉक्स
टेस्ट ट्रॅक या मोटारींच्या राईडबद्दल मी लिहितो, कारण राईड आणि प्रायोजक यांचं इतकं जुनं लग्न एपकॉटमध्ये दुसरं नाही.

एपकॉटसाठी पहिली सही जनरल मोटर्सने केली. १९८२ ला पार्क उघडलं तेव्हा त्या इमारतीत वर्ल्ड ऑफ मोशन नावाची संथ राईड होती, वाहतुकीचा इतिहास विनोदी पुतळ्यांतून. ती १९९६ ला बंद करून त्याच गोल इमारतीत टेस्ट ट्रॅक बसवायला घेतला. उद्घाटन १९९७ ला व्हायचं होतं, रीतसर झालं मार्च १९९९ मध्ये. उशिराची कारणं अस्सल यांत्रिक होती. गाडी वळणदार, उताराच्या रस्त्यावर दिवसभर ताशी सुमारे १०४ किलोमीटरपर्यंत पळवायची, तर चाकांची झीज अपेक्षेपेक्षा फार होत होती. आणि एका वेळी मार्गावर अनेक गाड्या सुरक्षित अंतर राखून पळवणं नियंत्रण प्रणालीला जमत नव्हतं. गाड्या कमी केल्या तर तासाला माणसं कमी जातात, आणि मग एवढी मोठी राईड रांगेच्या मानाने तोट्यात. तोवर जीएमला इमारतीबाहेर तात्पुरत्या प्रदर्शनावर भागवावं लागलं. प्रायोजकाच्या दृष्टीने याहून वाईट काय? नाव दारावर आणि दार बंद.

२०१२ ला शेव्हरोलेच्या नावाने आतून पूर्ण नवी केली, त्यात पाहुण्यांनी पडद्यावर स्वतःची गाडी काढायची सोय होती. जून २०२४ ला पुन्हा बंद, जुलै २०२५ ला तिसरा अवतार. नाव अजून जीएमचंच आहे.

कर्मचाऱ्यांसाठी इथली मेख अशी. गाडीत सहा सीट, तीन पुढे तीन मागे. लाउंजमधून आलेल्या चौघांना एक गाडी दिली की दोन सीट उरतात, त्या एकट्याने फिरणाऱ्यांच्या रांगेतून भरतात. त्यामुळे लाउंजवाल्यांना "आमची वेगळी गाडी" मिळत नाही, हे आधी पोरांना सांगून ठेवा. आणि उंची! ४० इंच म्हणजे साधारण १०२ सेंटिमीटर. बॅज सीईओचा असला तरी ३९ इंचाचं मूल बसत नाही. अशा वेळी रायडर स्विच मागायचं. एक पालक मुलाबरोबर थांबतो, दुसरा बसून येतो, मग अदलाबदल.

कुंपणावरचा
म्हणजे कंपनी एवढे पैसे ओतते ते आपल्या लोकांना सोफ्यावर बसवायला?

गिअरबॉक्स
सोफा कर्मचाऱ्यांसाठी नव्हताच मुळात. तो गिऱ्हाइकांसाठी. विक्रेते, मोठे खरेदीदार, सरकारी पाहुणे यांना घेऊन बसायला. कर्मचारी ही त्यावरची साय. खोली आणि माणसं आहेतच, तर रिकाम्या वेळात आपल्या लोकांना येऊ द्या, असा विचार.

तिसरीघंटा
बरोबर, आणि याचं मूळ डिस्नेलँडच्याही आधीच्या जत्रांत आहे, पण १९६४-६५ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यापासून धरलं तरी चालेल. डिस्नेने तिथे चार गोष्टी दुसऱ्यांच्या पैशाने उभ्या केल्या. जीई (जनरल इलेक्ट्रिक), फोर्ड, इलिनॉय राज्य, आणि पेप्सी-कोलाची युनिसेफसाठीची छोट्या बाहुल्यांची बोटराईड. तिथल्या कंपन्यांच्या पाहुण्यांच्या खोल्या पाहूनच क्लब ३३ या खासगी भोजन क्लबची कल्पना निघाली. तो १९६७ ला कॅलिफोर्नियाच्या पार्कात उघडला, मूळ हेतू प्रायोजकांना जेवायला बसवायचा.

आधीचं म्हणाल तर १९५५ ला डिस्नेलँड उघडलं तेव्हा वॉल्ट डिस्नेकडे पैशाची ओढाताणच होती. एबीसी वाहिनीने ५ लाख डॉलर घातले आणि ४५ लाखांच्या कर्जाला हमी दिली. बाकी भार भाडेकरूंवर. सांता फे रेल्वेच्या नावाने आगगाडी, टीडब्ल्यूए या विमान कंपनीच्या नावाने रॉकेट, मोन्सँटोचं रसायनांचं दालन, पुढच्या वर्षी आलेलं क्रेन कंपनीचं 'उद्याचं न्हाणीघर', स्विफ्टचं उपाहारगृह, बँक ऑफ अमेरिकाची खरीखुरी शाखा. मुख्य रस्त्यावर अंतर्वस्त्रांचं एक दुकानसुद्धा होतं, ते सहा महिन्यांत आवरलं. रिकाम्या जागेत जो पैसे देईल तो भाडेकरू, इतकं सरळ गणित.

कर्मचाऱ्यांच्या सवलतीचा जुना मार्गही तेव्हाचाच. १९५० च्या दशकाच्या अखेरीस डिस्नेलँडने मॅजिक किंगडम क्लब काढला. आजूबाजूच्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना फुकट कार्ड, त्यावर तिकिटात आणि हॉटेलात सवलत. कंपनीला खर्च शून्य, पार्कला आडदिवसाची गर्दी. आजची एचआर पोर्टलं म्हणजे त्याचीच नातवंडं.

निळीछत्री
प्रायोजक सोडून गेला की राईडचं काय होतं? लाउंज जातं हे कळलं.

तिसरीघंटा
इथेच खरा मुद्दा आहे. लोक समजतात पैसा उभारणीत जातो. जातोच, पण त्याहून महत्त्वाचा पैसा म्हणजे दर काही वर्षांनी राईड नवी करण्याचा. पाटीवर नाव असलेल्या कंपनीला रंग उडालेले पुतळे परवडत नाहीत, म्हणून ती मागे लागते. प्रायोजक गेला की ते मागे लागणारं कुणी उरत नाही.

एपकॉटमधली होरायझन्स राईड बघा. १९८३ ला जीईच्या पैशाने उघडली, भविष्यातली शेती, समुद्रातली शहरं, अवकाशातली वस्ती. जीईने १९९३ ला हात काढून घेतला. राईड डिसेंबर १९९४ ला बंद, वर्षभराने पुन्हा उघडली कारण शेजारच्या राईड कामासाठी बंद ठेवायच्या होत्या, आणि जानेवारी १९९९ ला कायमची बंद. इमारत पाडून २००३ ला तिथे मिशन स्पेस आली, नवीन प्रायोजक घेऊन. आधी कॉम्पॅक या संगणक कंपनीशी बोलणी, ती एचपीत विलीन झाली, मग एचपीचं नाव.

वंडर्स ऑफ लाईफ या आरोग्याच्या पॅव्हेलियनला मेटलाईफ ही विमा कंपनी होती, १९८९ ते २००१. नंतर पॅव्हेलियन आधी फक्त गर्दीच्या दिवसांत, मग २००७ च्या पहिल्याच दिवशी बंद. लिव्हिंग सीज या समुद्राच्या पॅव्हेलियनला युनायटेड टेक्नॉलॉजीज १९९८ पर्यंत. आजही मत्स्यालय चालू आहे, पण त्यात आता चित्रपटातला मासा फिरतो. प्रायोजक नसेल तर पार्क स्वतःच्या चित्रपटातली पात्रं आणतं, कारण ती खेळणी म्हणून विकता येतात. एपकॉटचं बदललेलं रूप ज्यांना खटकतं त्यांनी दोष पात्रांना देण्यापेक्षा रिकाम्या पाट्यांना द्यावा.

पाटीपेन्सिल
पण प्रायोजक राईडमध्ये आपला अजेंडा घुसवतात त्याचं काय? ऊर्जेच्या पॅव्हेलियनला एक्सॉन होती.

तिसरीघंटा
होती, १९८२ पासून २००४ पर्यंत, नंतर एक्सॉनमोबिल नावाने. आणि तेलकंपनीच्या त्या पॅव्हेलियनच्या छतावर ८० हजार सौर घट होते, ज्यांची वीज राईडच्या चालत्या प्रेक्षागृहांना काही प्रमाणात मिळायची. आत डायनासोर, बाहेर सौर पट्ट्या, दारावर तेलकंपनी. हे बेमालूम जमवणं म्हणजे कला आहे. अजेंडा असतोच, पण राईडच्या आत तो सहसा सौम्य असतो. जोर असतो बाहेर पडतानाच्या दालनात. तिथे पाहुणा थांबतो, बटणं दाबतो, गाडीत बसून फोटो काढतो. टेस्ट ट्रॅकच्या शेवटी उभ्या असलेल्या नव्या गाड्या आठवा. राईड ही चार मिनिटांची जाहिरात नसून शोरूमपर्यंत नेणारी वाट आहे.

कुंपणावरचा
अवांतर: सगळ्यांना फुकट मिळणारा प्रायोजकी लाभ कुणी सांगितलाच नाही. एपकॉटचं कोका-कोलाचं क्लब कूल. देशोदेशीची पेयं नळाला. इटलीचं बेव्हर्ली नावाचं कडू पेय नवख्याला प्यायला लावायचं आणि तोंड बघायचं. बॅज नको, काही नको.

फिरस्ता
+१. आणि लहान मुलांना आधी बेव्हर्ली देऊ नका, मग ती दुसरं काही चाखतच नाहीत.

निळीछत्री
आता मुख्य प्रश्न. कर्मचाऱ्याने सुरुवात कुठून करायची?

फिरस्ता
पार्कच्या ग्राहक सेवेला फोन करून उपयोग नसतो. त्यांच्याकडे तुमच्या कंपनीच्या कराराची माहिती नसते, ते "आपल्या एचआरला विचारा" म्हणतात. आणि एचआरलाही बरेचदा माहीत नसतं, कारण प्रायोजकत्वाचं खातं मार्केटिंग किंवा ब्रँड विभागाकडे असतं. अंतर्गत संकेतस्थळावर राईडचं किंवा पार्कचं नाव टाकून शोधा. पान सापडलं तर त्यावरची शेवटची तारीख बघा. सापडलं नाही तर ब्रँड विभागाला ईमेल करा आणि चारच गोष्टी विचारा: करार चालू आहे का, कोणते कर्मचारी पात्र, बरोबर किती माणसं, आणि आधी नोंदणी लागते का. उत्तराची छापील प्रत बरोबर ठेवा.

तिकीट काढायच्या आधी विचारा. राईड डागडुजीसाठी महिनोनमहिने बंद असेल तर लाउंजही बहुतेक वेळा बंद असतं.

गिअरबॉक्स
इथे आपल्या मंडळींचा सगळ्यात मोठा अपेक्षाभंग होतो तो लिहितो. आयटीत निम्मे लोक क्लायंटच्या कार्यालयात बसतात. गळ्यात क्लायंटचा बॅज, पण पगार दुसऱ्या कंपनीचा. अशा बॅजवर बहुधा कंत्राटी असल्याची खूण असते, वेगळ्या रंगाची पट्टी किंवा शब्द. लाउंजच्या दाराशी तीच बघतात. लाभ थेट पगारपटावरच्या लोकांसाठी असतो, काही कंपन्यांत निवृत्तांसाठीही. भारतातल्या उपकंपनीतून महिनाभर अमेरिकेला आलेल्यांनी तर विचारल्याशिवाय जाऊच नये. करार बहुधा अमेरिकेतल्या कंपनीच्या नावाने असतो आणि उपकंपन्या त्यात धरल्या आहेत की नाही ते लेखी असल्याशिवाय कळत नाही.

आणि डिस्नेचे स्वतःचे कर्मचारी, ज्यांना ते कास्ट मेंबर म्हणतात, त्यांचे पास हा पूर्ण वेगळा विषय. त्यांना पार्कातच प्रवेश मिळतो, पाहुणे नेता येतात, काही गर्दीच्या तारखा वगळलेल्या असतात. प्रायोजकाच्या कर्मचाऱ्याला यातलं काही आपोआप लागू होत नाही.

जमाखर्च
कराचं कुणी विचारलं नाही, तरी लिहितो, कारण पास हातात आल्यावर सगळे विचारतात.

अमेरिकेत: कधीतरी दिलेलं एखाद-दुसरं तिकीट किरकोळ लाभ धरलं जातं, पगारात मिळवत नाहीत. पण हंगामी पास या सवलतीत बसत नाही, आणि रोख किंवा गिफ्ट कार्ड तर कितीही लहान असलं तरी करपात्रच. कंपनीने वार्षिक पास दिला आणि डिसेंबरच्या पगारपत्रकात आकडा वाढलेला दिसला तर पेरोलवाल्याची चूक नाही.

भारतात: कर्मचाऱ्याला दिलेला लाभ पगारातला परक्विझिट (पगाराशिवायची सुविधा) म्हणून मोजला जातो. पण कंपनीने पास आपल्या विक्रेत्यांना किंवा डीलरांना वाटले तर वेगळी भानगड. १ जुलै २०२२ पासून १९६१ च्या आयकर कायद्यात कलम १९४-आर आलं. व्यवसायातून एका माणसाला वर्षात २० हजारांपेक्षा जास्त किमतीचा लाभ दिला तर १० टक्के टीडीएस. लाभ वस्तूरूपात असेल तर कर भरल्याची खात्री करूनच तो हातात द्यायचा. इथे घोटाळा असा होतो की मार्केटिंगवाले पास वाटून मोकळे होतात आणि मार्चमध्ये लेखा विभाग नावं शोधत बसतो. वाटतानाच प्रत्येकाचा पॅन आणि पासाची किंमत एका तक्त्यात लिहून घ्या. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू, त्यात कलमांचे क्रमांक बदललेत, तेव्हा जुन्या फॉर्मवरचं "१९४-आर" डोळे झाकून चिकटवू नका.

जीएसटी: प्रायोजकत्वाच्या सेवेवर पूर्वी पैसे देणारी कंपनी स्वतः उलट आकारणीने कर भरायची. १६ जानेवारी २०२५ पासून सेवा देणारी संस्था कंपनी असेल तर तीच बिलात कर लावते. पार्क चालवणाऱ्या बहुतेक कंपन्याच असल्याने जुन्या करारातलं "कर प्रायोजक भरेल" हे कलम तपासून घ्या, नाहीतर एकाच रकमेवर दोघेही भरून बसतात किंवा दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. कर्मचाऱ्यांच्या सहलीतल्या जेवणावरच्या जीएसटीचं क्रेडिट साधारणपणे मिळत नाही, ते वेगळ्या बिलावर घ्या म्हणजे बाकीच्यात मिसळणार नाही.

निळीछत्री
वाचनखूण साठवली. भारतात अशी राईड आहे का जिला खरंच प्रायोजक आहे?

जमाखर्च
सगळ्यात जवळचा नमुना घाटकोपरला आहे. आर सिटी मॉलमधलं किडझानिया, २०१३ चं. मूळ कल्पना मेक्सिकोची, १९९९. तिथे प्रत्येक 'दुकान' किंवा 'कारखाना' एखाद्या ब्रँडने घेतलेला असतो. मूल आत जातं, त्या ब्रँडचा गणवेश घालतं, काम करतं आणि किडझो नावाच्या चलनात पगार घेतं. राईडवर नुसतं नाव लावण्यापेक्षा हे प्रायोजकाला कितीतरी जास्त देतं, कारण मूल त्याच्या मालाशी वीस-पंचवीस मिनिटं हाताने खेळतं. पालक म्हणून ते आवडावं की नाही हा दुसरा धागा होईल.

खोपोलीच्या इमॅजिकाला कंपन्या घाऊक तिकिटं घेऊन सहली नेतात, ते फिरस्तांनी सांगितलेल्या तिसऱ्या प्रकारात. तिथे लाउंज शोधू नका.

पाटीपेन्सिल
एपकॉटमधल्या मोरोक्को, नॉर्वे वगैरे देशांच्या पॅव्हेलियनलाही असेच प्रायोजक असतात ना?

तिसरीघंटा
हो, तिथे बहुतेक त्या देशातल्या कंपन्या. मोरोक्को (१९८४) मात्र सरकारच्या मदतीने झालं, राजा हसन दुसरे यांनी फरशीकाम करायला कारागीर पाठवले. नॉर्वे (१९८८) मध्ये तिथल्या सरकारचे पैसे २००२ ला थांबले. पुढे काय झालं ते वर लिहिलेल्या नियमाप्रमाणेच. जुनी बोटराईड गेली आणि 'फ्रोझन' चित्रपटातली बर्फाची राणी आली.

निळीछत्री
एक शेवटचं. बॅज घरी विसरला तर कंपनीच्या अ‍ॅपमधलं डिजिटल ओळखपत्र चालतं का?

फिरस्ता
दाराशी बसलेल्या माणसाच्या हातात यादी असेल तर कधीकधी चालतं. पण ब्रँड विभागाला पाठवायच्या त्या ईमेलमध्ये हा पाचवा प्रश्न घाला. आणि बॅज हॉटेलच्या तिजोरीत नाही, पार्कच्या बॅगेत ठेवा.